सुटकेनंतरचे ३६५ दिवस

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात पेढे वाटले जातात. वकीलसाहेब पाठीवर थाप मारून म्हणतात, “सुटलात ना? आता विसरून जा.” घरचेही तेच म्हणतात, आणि सुटलेला माणूस खरंच विसरायचा प्रयत्न करतो. वर्ष-सव्वा वर्षाने मुलीच्या सोयरिकीची बोलणी फिस्कटतात, कारण कुणीतरी जुनी केस पाहुण्यांच्या कानावर घातलेली असते. मग डोक्यात सणक जाते आणि माणूस पुन्हा वकिलांच्या दारात उभा राहतो: ज्याने ही खोटी केस घातली त्याच्यावर दावा लावायचा. वकीलसाहेब निकालपत्रावरची तारीख बघतात आणि चष्मा काढून टेबलावर ठेवतात.

आकसाने केलेल्या खोट्या फिर्यादीबद्दल दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागायची मुदत एकच वर्ष आहे. मुदत कायदा, १९६३, अनुच्छेद ७४. निर्दोष सुटल्याच्या किंवा खटला दुसऱ्या कोणत्या मार्गाने संपल्याच्या तारखेपासून हे वर्ष मोजायचं. अपिलाला उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो. दाव्याला ती सोय नाही. म्हणून ही कृती तारखांच्या क्रमाने लिहिली आहे. कलमं वकील सांगतीलच, पण कोणतं काम कधी करायचं याची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. बांधावरून भांडण. चुलतभावाने फिर्याद दिली, की अमुक दिवशी सकाळी दहा वाजता याने मला कोयत्याने मारलं. त्या वेळी आपला शेतकरी चाळीस किलोमीटरवरच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाला लावून उभा होता. हातात काटापावती, त्यावर वेळ. आणि पहाटे ट्रॅक्टर घेऊन निघताना त्याला पाहिलं होतं ते याच चुलतभावाने. अटक, तीन रात्री कोठडी, पाच वर्षं तारखा आणि शेवटी निर्दोष.

आधी स्वतःला विचारा: दावा बसतो का?

निर्दोष सुटला म्हणून प्रत्येकाला भरपाई मिळत नाही. दिवाणी कोर्टात वादीला, म्हणजे तुम्हाला, पाच गोष्टी शाबीत कराव्या लागतात. खटला प्रतिवादीने भरला किंवा भरायला लावला. तो तुमच्या बाजूने संपला. खटल्याला वाजवी आणि संभवनीय कारण नव्हतं. प्रतिवादीच्या मनात आकस होता. आणि तुमचं नुकसान झालं.

यातली पहिली गोष्ट सोपी वाटते, पण इथेच बचाव सुरू होतो. चुलतभाऊ म्हणणार, “मी फक्त पोलिसांना सांगितलं, खटला तर सरकारने भरला.” या पळवाटेला प्रिव्ही कौन्सिलने १९०८ सालीच उत्तर देऊन ठेवलं आहे: खरा फिर्यादी कोण, हे कागदावरून ठरत नाही. माहिती खोटी आहे हे ठाऊक असून ज्याने पोलिसांची दिशाभूल केली, साक्षीदार पढवले, तोच खटल्याचा कर्ता. म्हणून फिर्यादीपूर्वी आणि नंतर तो कसा वागला, हे बारकाईने लिहून काढा. साक्षीदाराला पोलीस ठाण्यात कोण घेऊन गेलं? “जमीन सोड, केस मागे घेतो” असा निरोप कुणाकरवी आला?

खरा दावा तरतो किंवा बुडतो तो तिसऱ्या गोष्टीवर. ‘वाजवी कारण’ मोजलं जातं ते फिर्याद देण्याच्या क्षणी त्या माणसाला काय ठाऊक होतं त्यावर. अंधारात कुणी मारलं आणि जखमी माणसाने प्रामाणिकपणे चुकीचं नाव घेतलं, तर तुम्ही पाच वर्षं हेलपाटे घातले असलेत तरी त्याच्यावर दावा चालणार नाही. चूक वेगळी, खोटेपणा वेगळा. आपल्या शेतकऱ्याची बाजू भक्कम आहे, कारण चुलतभावाने त्याला गावाबाहेर जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी स्पष्ट सांगत नाही. फौजदारी कोर्टाचं निकालपत्र दिवाणी दाव्यात मुख्यतः एवढंच सिद्ध करतं, की तुम्ही सुटलात. केस खोटी होती हे तिथे नव्याने, पुरावा देऊन शाबीत करावं लागतं. निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द असले म्हणून दावा आपोआप पडत नाही आणि ‘सन्मानाने निर्दोष’ असे असले म्हणून आपोआप जिंकलाही जात नाही. गावच्या पंचांसमोर तडजोड करून केस मिटवली असेल तर मात्र दावा फारच लंगडा होतो. तडजोडीच्या कागदावर ‘यापुढे एकमेकांविरुद्ध काही मागणी राहिली नाही’ हे वाक्य असतंच, आणि सही करताना ते कुणी वाचत नाही.

निकालाच्या आधी

हा टप्पा जवळजवळ सगळेच चुकवतात. मॅजिस्ट्रेटपुढे चालणाऱ्या खटल्यात, आरोप करायला वाजवी कारणच नव्हतं असं मॅजिस्ट्रेटचं मत झालं, तर ते फिर्याद देणाऱ्याला ‘भरपाई का देऊ नये’ अशी विचारणा करू शकतात आणि भरपाईचा हुकूम देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २७३. १ जुलै २०२४ पूर्वीपासून जुन्या संहितेखाली चालू असलेल्या खटल्यांना कलम २५०. मेख अशी, की ही विचारणा सुटकेच्या हुकमातच व्हायला हवी. निकाल लागल्यावर आठ दिवसांनी अर्ज घेऊन गेलात तर वेळ गेलेली असते. म्हणून अंतिम युक्तिवादाच्या तारखेलाच तुमच्या वकिलांना लेखी अर्ज द्यायला सांगा.

रकमेकडून फार आशा ठेवू नका. मॅजिस्ट्रेटला जेवढा दंड करायचा अधिकार आहे तेवढीच कमाल भरपाई. नव्या संहितेत प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटसाठी ती ५०,००० रुपये होते. विनाकारण अटक करवल्याबद्दलचं वेगळं कलम, ३९९, तर १,००० रुपयांवरच अडून बसलं आहे. तीन रात्रींचे हजार रुपये! तरीही अर्ज कराच. ‘फिर्यादीला वाजवी कारण नव्हतं’ असं एक वाक्य न्यायालयाच्या लेखणीतून उतरलं, तर पुढे दिवाणी दाव्यात तुमच्या वकिलांच्या हातात काहीतरी असतं. मिळालेली रक्कम त्या दाव्यात वजा धरली जाते, एवढंच.

खटला अजून कोवळा असेल तर शेवटपर्यंत थांबायचीही गरज नाही. नव्या संहितेत आरोपपत्राच्या प्रती हाती आल्यापासून, किंवा सत्र खटल्यात केस सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून, साठ दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे आरोपमुक्तीचा, अर्ज करता येतो. उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हाच रद्द करून घेण्याचा मार्ग आहे. त्यासाठी भजनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात प्रकार सांगितले आहेत. उघड सूडबुद्धीची कारवाई हा त्यांतला शेवटचा.

पहिला महिना: कागद

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. फक्त निकालपत्राचा नव्हे. प्रमाणित प्रती लागतात त्या अशा: एफआयआर, दोषारोपपत्र, अटक पंचनामा, रिमांड अर्ज, जामिनाचा हुकूम, सगळ्या साक्षीदारांच्या जबान्या उलटतपासासकट, आणि रोजनामा. रोजनामा महत्त्वाचा यासाठी, की तुम्ही किती तारखांना हजर होता आणि फिर्यादी किती तारखांना गैरहजर होता हे त्यातच दिसतं. नकला मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, दाव्याच्या मुदतीतून नाही. “नक्कल उशिरा मिळाली” हे कारण इथे चालत नाही.

चुलतभावाचा उलटतपास सोन्याचा असतो. “आरोपी ट्रॅक्टर घेऊन गेल्याचे मी पाहिले होते हे खरे आहे” असं एखादं कबूल केलेलं वाक्य त्यात सापडलं, तर त्या पानाला लाल खूण करा.

खटला कोर्टात चालण्याआधीच पोलिसांनी तपास बंद केला असेल, तर कोणती ‘समरी’ दिली ते बघा. ही आपल्या जुन्या मुंबई इलाख्याची खास परिभाषा आहे. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. ‘सी’ म्हणजे गैरसमजुतीने दिलेली किंवा खरी-खोटी ठरत नाही अशी फिर्याद. ‘बी’ समरी म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. बी समरीचा अहवाल आणि तो मंजूर करणारा हुकूम तुमच्याकडे असेल तर तो जपून ठेवा. मात्र तेवढ्यावर दावा चालेल का, हे प्रकरण कुठपर्यंत गेलं होतं आणि तुमचं त्यात काय नुकसान झालं यावर ठरतं. नुसता अर्ज चौकीत पडून राहिला असेल तर त्याला ‘खटला’ म्हणता येत नाही.

आता नुकसानीचे कागद. कायदा तीन तऱ्हेचं नुकसान मानतो: अब्रूचं, शरीराचं आणि पैशाचं. ही विभागणी १६९८ सालच्या एका इंग्रजी खटल्यातून आली आणि आपल्या कोर्टांत आजही चालते. पैशाच्या नुकसानीत लोक हमखास मार खातात, कारण वकिलांची फी रोख दिलेली असते आणि पावती नसते. आता तरी मागा. प्रवासाची तिकिटं, बुडालेल्या मजुरीचा हिशेब, तारखेमुळे न लावता आलेल्या लिलावाच्या नोंदी, रक्तदाबाच्या गोळ्यांची बिलं, नोकरीत असाल तर निलंबनाचा हुकूम. अब्रूसाठी वर्तमानपत्राचं कात्रण, सोसायटीच्या किंवा दूध संघाच्या पदावरून काढल्याचा ठराव, आणि दोन-तीन अशी माणसं जी साक्षीला उभी राहतील. माणसं आधी विचारून ठेवा. सहानुभूती सगळेच दाखवतात. पिंजऱ्यात उभं राहणारे कमी.

वकील कोणता?

ज्याने सोडवलं तोच दावा लावेल, असं गृहीत धरू नका. फौजदारीत वकील समोरच्याचा पुरावा पोखरत असतो. इथे तुम्हाला स्वतःचा पुरावा उभा करायचा आहे. नुकसानभरपाईचे दावे चालवणारा दिवाणी वकील घ्या आणि जुन्या वकिलांना रेकॉर्ड समजावून सांगायला दोन तास मागा. जुन्या वकिलांनी फी बाकी आहे म्हणून कागद अडवले, तर त्यांना तसा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं आहे. हे भांडण न करता, नम्रपणे सांगा.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा. मुदतीची शेवटची तारीख कोणती? (उत्तर तिथल्या तिथे कॅलेंडरवर मोजून मिळालं पाहिजे.) प्रतिवादी कोण-कोण? आणि किती रकमेचा दावा, त्यावर कोर्ट फी किती? “जिंकल्यावर रकमेतला अमुक टक्के द्या” असं कुणी म्हणालं तर उठून या. भारतात वकिलांना निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, आणि जो पहिल्याच दिवशी नियम मोडतो तो पुढे तुमच्यासाठी काय सांभाळणार?

मोफत विधी सेवेसाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. पण इथे एक खाच आहे: बऱ्याच राज्यांच्या नियमांत अब्रुनुकसानी आणि आकसाच्या फिर्यादीचे दावे मोफत मदतीतून वगळलेले आहेत. खोट्या केसमध्ये आरोपी म्हणून वकील मिळतो, आणि त्याच खोट्या केसबद्दल दाद मागायला गेलं की मिळेलच असं नाही. म्हणून वाट बघत बसण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. कोर्ट फी भरायची ऐपतच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ प्रमाणे निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते.

पोलिसांना प्रतिवादी करायचं असेल तर

इथे घड्याळ वेगळं आहे, आणि बरंच क्रूर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १६१: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर दावा त्या कृत्यापासून सहा महिन्यांत लावायला हवा. निकालापासून नव्हे, कृत्यापासून. आपल्या शेतकऱ्याची अटक पाच वर्षांपूर्वीची. त्याचे सहा महिने तो जामिनावर फिरत असतानाच संपले. शिवाय त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस, आणि सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, तरी त्या भरवशावर राहू नये.

दार अगदीच बंद नाही. कोठडीत मारहाण करणं हे कर्तव्याच्या रंगाखाली येतच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं. खोटा पंचनामा रचला, काटापावती दाखवूनही ती मुद्दाम दडपली, अशा गोष्टींसाठी तसाच युक्तिवाद करता येतो. पण तो युक्तिवाद आहे, खात्री नाही. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. माझं मत विचाराल तर, पोलिसांविरुद्ध ठोस कागद नसेल तर त्यांना दाव्यात ओढू नका. नाहीतर चुलतभावाविरुद्धचा सरळ दावाही सरकारी वकिलांच्या तारखांमध्ये अडकून पडतो.

सहावा ते दहावा महिना: दावा

खाजगी माणसाविरुद्ध दावा लावायला आधी नोटीस सक्तीची नाही. पाठवायची रीत आहे, पाठवा. पण उत्तराची वाट पाहण्यात तीन महिने घालवू नका. दावा जिथे नुकसान झालं तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, कुठल्याही एका ठिकाणी लावता येतो. चुलतभाऊ आता पुण्याला राहायला गेला असला तरी तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही.

रक्कम ठरवताना राग बाजूला ठेवा. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते. एक कोटी मागून फी भरताना दम निघतो, आणि न्यायाधीशही असा आकडा बघून सावध होतात. पावत्यांची बेरीज करा, कोठडीच्या प्रत्येक रात्रीचा आणि अब्रूचा वाजवी आकडा त्यात घाला, तेवढंच मागा.

फिर्यादीने सुटकेविरुद्ध अपील केलं असेल, तर अपिलाच्या निकालापासून वर्ष मोजता येईल असं कुणी सुचवेल. त्यावर दावा पणाला लावू नका. पहिल्या निकालापासून वर्षाच्या आत दाखल करा. अपील सुटेपर्यंत तो थांबवून ठेवायची विनंती नंतर करता येते.

शिक्षा व्हावी अशीही इच्छा असते, ती स्वाभाविक आहे. खोटा आरोप करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; खोटा आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद. पण कोर्टातल्या कामकाजाशी जोडलेल्या खोटेपणाबद्दल तुम्ही स्वतः फिर्याद करू शकत नाही. ती त्या कोर्टालाच करावी लागते. तुम्ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज देऊन कोर्टाला चौकशीची विनंती करायची. कोर्टं हा मार्ग हात राखून वापरतात. तो दाव्याला पर्याय नाही.

सरकारकडून भरपाई

राज्यानेच चूक केली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग आहे. ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ साली अटक झाली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये देण्याचा हुकूम दिला तो २०१८ साली. २०१९ साली महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना, ज्यांची फाशी दहा वर्षांपूर्वी याच न्यायालयाने कायम केली होती, निर्दोष सोडण्यात आलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगण्यात आलं. सोळा वर्षांचे पाच लाख. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात २०१४ साली सुटलेल्यांना तर २०१६ साली भरपाई नाकारली गेली. म्हणजे हा हक्क अजून न्यायालयाच्या मर्जीवरच आहे. विधी आयोगाने २०१८ सालच्या २७७व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कायदा आणि खास न्यायालयं सुचवली.

एक राहून गेलेलं काम

जामीन राहिलेल्या माणसाचं. सुटकेनंतरही, वरच्या कोर्टात हजर राहण्याचा जातमुचलका सहा महिने चालू राहतो, म्हणून त्याचे कागद लगेच सुटत नाहीत. सहा महिने झाले की अपील दाखल झालेलं नाही हे तपासा, आणि अनामत रक्कम, जप्त मुद्देमाल व जामीनदाराचा सातबारा-ऐपतदार दाखला परत मिळण्याचा अर्ज त्याच कोर्टात करा. दाव्याच्या धामधुमीत हे हमखास विसरतं, आणि मग शेजाऱ्याला पीककर्जासाठी तो दाखला लागतो तेव्हा तो तुमच्या दारात येऊन अवघडून उभा राहतो.